तालमीचा पेशंट

मला लोकांना प्रश्न विचारायचा पगार मिळतो, आणि त्या दिवशी दुपारपर्यंत मला वाटत होतं की हे काम माझ्याइतकं कुणालाच जमत नाही.

आमचा अभ्यास गांजा ओढणाऱ्या तरुण मुलामुलींचा. त्यांच्यापैकी कुणाचं डोकं बिघडतं, कुणाचं नाही, आणि का, हे शोधायचं. दर तीन महिन्यांनी तीच माणसं, तेच प्रश्न, तोच क्रम. प्रश्नातला एक शब्द बदलायचा नाही, चेहऱ्यावर काही दाखवायचं नाही, आणि त्रास किती आहे त्याला एक ते सात मार्क द्यायचे. नव्या माणसाला खऱ्या पेशंटसमोर बसवण्याआधी तालीम असते. ओळखीच्या कुणाला तरी खोटा पेशंट बनवून मुलाखत रेकॉर्ड करायची, मग सगळ्यांनी ती एकत्र ऐकून आपापले मार्क द्यायचे. मार्क जुळले की पास.

माझ्यासारख्या बाकीच्या नव्यांनी मैत्रिणी धरल्या, मी धाकट्या भावाला धरलं. आम्ही त्याला ठोंब्या म्हणतो. वय चोवीस, नोकरी सुटल्यापासून चार महिने आमच्याकडेच राहायला. नवरा कामानिमित्त परगावी, त्यामुळे मला तर तो देवासारखा धावून आला होता. माझ्या मुलीला बालवाडीतून तोच आणायचा. ती चार वर्षांची, एका जागी ठरत नाही म्हणून भिंगरी. मामा म्हणजे तिचा जीव की प्राण.

ठोंब्या गांजा ओढतो हे मला माहीत होतं. गॅलरीतून वास यायचा आणि मी नाक मुरडून म्हणायचे, "अरे मेल्या, माझी नोकरी घालवशील!" तो हसायचा, मीही हसायचे. दारू पीत नाही, उलटून बोलत नाही, न सांगता भांडी घासतो, आणखी काय पाहिजे? ऑफिसात मी आईबापांना पत्रकं वाटायचे: मूल एकटं राहतंय का, झोप उडालीये का, लक्ष ठेवा. घरी आल्यावर कुठलं पत्रक आणि कुठलं काय. अशी मी शहाणी.

खोटा पेशंट होशील का विचारलं, तेव्हा वाटलं हा नाहीच म्हणणार. शाळेच्या नाटकात त्याला झाड केलं होतं, तर समोर आई दिसल्याबरोबर झाडाने हात हलवला. सगळी शाळा हसली होती. सोंग म्हणून कधी त्याला जमलंच नाही. पण तो पटकन म्हणाला, "होतो की. काहीही बोललं तरी चालेल ना?"

"जितकं भयंकर तितकं चांगलं," मी म्हणाले.

हे वाक्य माझं आहे. रेकॉर्डर तेव्हाच चालू केला होता, त्यामुळे टेपवर आहे.

मुलाखतीनंतर तेरा दिवसांनी आमच्या बैठकीच्या खोलीत ती टेप लागली. सहा खुर्च्या, टेबलावर छोटा स्पीकर, आणि प्रत्येकासमोर मार्कांचा कागद. मोठ्या डॉक्टरबाई टोकाला बसल्या होत्या. माझ्या शेजारी आमचा चष्मेवाला सहकारी. मी मनातल्या मनात आधीच शाबासकी घेऊन बसले होते.

स्पीकरमधून माझा आवाज आला, अगदी पुस्तकी. "गांजा किती वेळा ओढता?"

"आता दिवसातून चारदा. आधी रात्री एकदाच. झोप यायची नाही म्हणून."

"गेल्या महिन्यात, जवळ कुणी नसताना आवाज ऐकू आला का?"

थोडी शांतता. मग ठोंब्या म्हणाला, "हं." पुन्हा शांतता. "येतो. एका बाईचा. मी काय करतोय ते सांगत असते. आता उठला. आता चप्पल घातली. आता नळ बंद केला. दिवसभर."

चष्मेवाल्याने मला कोपर मारलं आणि कागदावर सहा लिहिले. मीही सहाच दिले होते. माझी छाती चार इंच फुगली. डॉक्टरबाईंचा कागद मात्र कोरा होता. त्यांनी टेप थांबवली.

"हा कोण आहे?"

"माझा भाऊ, डॉक्टर. काय ॲक्टिंग केलीये ना?"

त्या हसल्या नाहीत. "नाटक करणारे आवाजाला काहीतरी मोठं बोलायला लावतात. उडी मार, जीव घे. नळ बंद केला, असलं रटाळ कुणाला सुचत नाही. आणि हे ऐका." त्यांनी टेप मागे नेली. शांतता, "हं", शांतता. "तुमचा प्रश्न संपलाय. तुम्ही गप्प आहात. मग हा 'हं' कुणाला म्हणतोय?"

त्या थांबण्याला मी मुलाखतीनंतर टाळी दिली होती.

"पुढे लावते," त्या म्हणाल्या.

"कुणी तुमच्या मागावर आहे असं वाटतं का?" माझाच आवाज, थंडगार.

"माझ्या नाही. घरातल्या लहान मुलीच्या. तिला खिडकीतून नेणार आहेत."

"त्यासाठी तुम्ही काही केलंत का?"

"खिडक्या बंद करतोय हळूहळू. पण ती बाई म्हणते, खिडक्यांनी भागणार नाही. तिला लपवावी लागेल."

आणि मग टेपवर मी हसले होते. "वा, ठोंब्या! कमाल करतोस!" खोलीभर माझं ते हसू घुमलं, आणि मला स्वतःच्या कानांची किळस आली.

गेल्या आठवड्यात त्याने बेडरूमच्या खिडकीच्या फटींना चिकटपट्टी लावली होती. म्हणाला, धूळ येते. मी त्याला म्हणाले होते, बरं झालं बाई, तुला तरी दिसलं.

मी त्याला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. मग बालवाडीत लावला, तर बाई म्हणाल्या, "अहो, तिचे मामा आज अकरालाच घेऊन गेले. घरी पाहुणे येणार म्हणाले." एक वाजायला आला होता. आमच्याकडे कुणी पाहुणे येणार नव्हते.

चष्मेवाल्याने गाडी काढली, डॉक्टरबाई माझ्याबरोबर मागे बसल्या आणि त्यांनी फोनवरून अँब्युलन्स घराकडे पाठवायला सांगितली. मी एकच घोकत होते, "गांजामुळे झालं ना? सांगा ना, त्याच्यामुळेच ना?"

"असेल. किंवा आधीच काही सुरू झालं असेल आणि ते शांत करायला तो जास्त ओढायला लागला असेल. आत्ता मला सांगता येणार नाही." मग त्यांनी माझा हात घट्ट धरला. "आरडाओरडा करू नका. त्याचं खोटं ठरवू नका, खरंही म्हणू नका. त्याला भीती वाटतेय. तेवढंच लक्षात ठेवा."

आणि मला नाही का वाटत? मला तर त्याचीच भीती वाटत होती. ज्याला मी कडेवर घेऊन वाढवलं, त्याची. देवा, हे असं मनात येतं तरी कसं!

दार माझ्या किल्लीने उघडलं, पण ढकलताना आतून काहीतरी फाटत गेलं. कडेने सगळीकडे तपकिरी चिकटपट्टी होती. डॉक्टरबाई दाराशीच थांबल्या. भर दुपारी हॉलमध्ये अंधार, खिडक्यांवर वर्तमानपत्रं, आणि गांजाचा वास इतका की डोळे चुरचुरले. भिंगरीचे बूट दाराशी नीट जोडीने ठेवलेले. बेडरूममध्ये ठोंब्या माझ्या कपड्यांच्या कपाटाला पाठ लावून खाली बसला होता. कपाटाच्या दाराला वरपासून खालपर्यंत पट्टी, तीनतीन पदरी.

"भिंगरी कुठंय?"

"श्श. हळू. त्यांना कळेल."

कपाटातून काहीच आवाज येत नव्हता. जी मुलगी झोपेतही बडबडते, तिचा काही आवाज नाही. त्याला ढकलून द्यावं असं हजारदा वाटलं. पण तो माझ्या दुप्पट, आणि त्याच्या हातात पट्टी कापायची कात्री. मी त्याच्यासमोर फरशीवर बसले.

"आपल्या मुलाखतीतले दोन प्रश्न राहिलेत," मी म्हणाले. माझा आवाज कुठून येत होता कोण जाणे. "विचारू?"

त्याने माझ्याकडे बघितलं आणि ताठ बसला. तेरा दिवसांपूर्वी बसला होता, तसाच. "विचारा."

"सध्या तुम्हाला कुणाची फार काळजी वाटते?"

"हिची. लपवलीय हिला. एक फट ठेवली नाही."

पुढचा प्रश्न कुठल्याच फॉर्मवर नव्हता. "मग तिला श्वास कुठून मिळतोय?"

तो थांबला. मान जराशी तिरकी करून थांबला, आणि मी त्याच्या कानाकडे बघत राहिले. त्या बाईने काय सांगितलं असेल? एक, दोन, तीन, चार.

"ताई," तो म्हणाला, आणि त्याचा चेहरा लहानपणीसारखा वेडावाकडा झाला. "हे ती बोललीच नाही. श्वासाचं काहीच बोलली नाही ती."

कात्री फेकून त्याने पट्टी नखांनी ओरबाडली. मीही ओरबाडली. दार उघडलं आणि भिंगरी साड्यांच्या घडीवर लालबुंद, घामाने चिंब, डोळे मिटून पडलेली. मी तिला उचलली तर मान लुळी. मी किंचाळले. डॉक्टरबाई धावत आत आल्या, तेवढ्यात तिने खोकून डोळे उघडले.

"आता राज्य कुणावर?" ती म्हणाली.

मी तिला छातीशी धरून हमसून हमसून रडले. डॉक्टरबाईंनी तिला माझ्याकडून घेतलं, वर्तमानपत्र फाडून खिडकी उघडली आणि तिथे घेऊन बसल्या. खाली अँब्युलन्सचा आवाज आला. ठोंब्या दचकला, पण पळाला नाही. कपाटाशीच बसून राहिला, नखांतून रक्त येत होतं.

"ताई, टेप ऐकली सगळ्यांनी?"

"ऐकली."

"किती मार्क पडले?"

"सहा."

"म्हणजे नाटक चांगलं जमलं मला." तो माझ्याकडे बघत होता. हो म्हटलं असतं तर त्या क्षणापुरतं दोघांनाही बरं वाटलं असतं.

"नाही रे, ठोंब्या," मी म्हणाले. "तुला नाटक कधीच जमलं नाही."

त्याने मोठा श्वास सोडला. खांदे खाली आले. किती दिवस वर धरले होते कोण जाणे.

"मग तेरा दिवस काय करत होतीस, ताई?"

आणि तो थांबला. या वेळी तो माझ्या उत्तराची वाट बघत होता.