अंबूबाईंचा विमा

"आजी, इथं 'नाही'वर खूण करायची. मग झालं आपलं काम," म्हणत अमितने लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला.

"काय इचारलंय तिथं?"

"बीपी, शुगर, हृदयविकार, आधीचं ऑपरेशन. सगळ्याला नाही."

"पण माझ्या छातीत दोन स्प्रिंगा बसवल्यात."

अमित हसला. पंचवटीतल्या त्या एवढ्याशा ऑफिसात बसून तो रोज कुणाला ना कुणाला परदेशी पाठवायचा. "सगळे असंच भरतात, आजी. खरं लिहिलं की कंपनी नको म्हणते. आणि विमा नाही, तर व्हिसा नाही."

अंबूबाई सदुसष्ट वर्षांच्या, मखमलाबादच्या. उभा जन्म झेंडू-शेवंतीत गेला होता. साठी उलटल्यावर घरच्यांचा विरोध मोडून त्यांनी दहा गुंठ्यांत पॉलीहाऊस उभारलं आणि जरबेरा लावला. आता फूल उत्पादकांच्या संघाने हॉलंडच्या दौऱ्यासाठी सहा जण निवडले होते, आणि त्यांत बाई अशी ही एकटीच.

"मार ना खूण, आई," शेजारी बसलेला त्यांचा मुलगा भारत म्हणाला. "त्याचं रोजचं काम हाय हे."

"भारत, इथं मी पडले तर आख्खी गल्ली सांगंल, ही अंबूबाई, हिला ह्या ह्या डॉक्टरकडं न्या. तिथं मला कोण वळखतं? हा कागदच माझ्या वतीनं बोलणार. त्यालाच खोटं शिकवून पाठवू?"

शेवटी अमितने खरं ते भरलं. दोन दिवसांत दोन कंपन्यांचा नकार आला.

"संघवाले म्हणतात, घरातलं दुसरं कोणी आलं तरी चालंल," भारत चहा पिताना हळूच म्हणाला. "मी जातो तुझ्या जागी. तू कशाला जिवाला घोर लावून घेती?"

त्याच्या मनात पाप नव्हतं. दसऱ्याच्या तोडणीत, झेंडूच्या वाफ्यात आडवी झालेली आई त्यानेच उचलून आणली होती, त्याला अजून तीन वर्षंही झाली नव्हती. अंबूबाईंना ते कळत होतं. तरीही त्यांनी अर्धा चहा तसाच ठेवला. त्या उठल्या आणि पॉलीहाऊसमध्ये जाऊन उगाच पिकली पानं खुडत बसल्या.

थोड्या वेळाने सुवर्णा मागोमाग आली. ती सासूला आत्याबाईच म्हणायची. "आत्याबाई, आणखी एक कंपनी हाय. तिचा फोन नंबर काढलाय. तुम्हीच बोला."

अंबूबाईंनी हात पदराला पुसले. पलीकडून एक मुलगी हिंदीत बोलू लागली. अंबूबाईंनी मोडक्यातोडक्या हिंदीत सरळ विचारलं, "छातीत दोन स्प्रिंग है. उधर दुख्या तो क्या करोगे?"

मुलगी गडबडली नाही. जिवावर बेतलं तर दवाखान्याचं सगळं आम्ही बघू, ती म्हणाली. नेहमीच्या तपासण्या, रोजच्या गोळ्या मात्र यात बसत नाहीत. आणि आधी तुमच्या डॉक्टरांचा दाखला लागेल.

फोन ठेवून अंबूबाई म्हणाल्या, "हिचाच घ्यायचा. काय मिळणार नाय ते हिनं न इचारता सांगितलं."

दाखल्यासाठी डॉक्टरांनी त्यांना तपासणीच्या सरकत्या पट्ट्यावर चालवलं. नऊवारीचा काष्टा खोचून त्या अशा चालल्या, की डॉक्टरांनी दोनदा "दम लागला का?" विचारलं तरी थांबल्या नाहीत. आठवड्याने पॉलिसी आली. आजाराच्या रकान्यात सगळं जसंच्या तसं छापलेलं होतं. सुवर्णाने त्या कागदाच्या पाठीवर कंपनीच्या मदतीचा नंबर जाड अक्षरांत लिहिला आणि तो अंबूबाईंच्या बटव्यात घातला.

हॉलंडमधल्या चौथ्या दिवशी फुलांच्या लिलावघरात थंडीने अंग गारठलं होतं. फुलांनी भरलेल्या गाड्यांची रांग पुढून सरकत होती आणि अंबूबाईंच्या छातीत कळ आली. ओळखीची कळ. गटप्रमुख वाल्मीक पांढराफटक पडला.

"घाबरू नको रे," बाकावर बसत त्या म्हणाल्या. "बटव्यातला कागद काढ. त्या नंबरावर फोन लाव."

अॅम्ब्युलन्स दवाखान्यात पोहोचली तेव्हा त्यांच्या आजाराचे कागद कंपनीकडून तिथे आधीच गेले होते. स्प्रिंगा कधी बसवल्या, गोळ्या कोणत्या, डॉक्टरांना सगळं ठाऊक होतं. एक स्प्रिंग आतून अरुंद झाली होती. संध्याकाळच्या आत ती मोकळीही झाली.

दुसऱ्या दिवशी भारतचा व्हिडिओ कॉल आला. "आई, खूण मार म्हणालो होतो मी," एवढंच तो कसंबसं म्हणाला.

"झालं ते झालं," अंबूबाई म्हणाल्या. "आज फुलं किती निघाली, ते सांग."

तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी सोडलं. दगदग नको, म्हणाले. परतीच्या विमानाला दोन दिवस होते आणि जरबेऱ्याचं हरितगृह बघायचं तेवढं राहिलं होतं. वाल्मीक नको नको म्हणत असताना अंबूबाईंनी डॉक्टरांकडूनच परवानगी काढली. चाकाच्या खुर्चीत बसून गेल्या तर हरकत नाही, असं ते म्हणाले.

हरितगृहाचा मालक त्यांच्याच वयाचा, उंच, हातांना भेगा पडलेला. दारातल्या टेबलावर पाहुण्यांची वही होती. पान परक्या लिपींनी भरलं होतं. वाल्मीकने पेन उचललं.

"थांब," म्हणत अंबूबाई खुर्चीच्या हातावर जोर देऊन उठल्या. एकेक अक्षर सावकाश काढत त्यांनी लिहिलं, अंबूबाई पुंजाराम काकड, मखमलाबाद, नाशिक.

"पुढं काय इचारलंय?"

"धंदा."

त्यांनी लिहिलं, फुलशेती. मग पेन मालकाच्या हातात दिलं, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि खुर्चीत बसल्या. मालकाने वाल्मीकला बाजूला व्हायची खूण केली. खुर्चीची मूठ स्वतः धरली आणि लाल जरबेऱ्याच्या पहिल्या ओळीत ती हलकेच आत लोटली.