रेशमी हातमोजा

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. महाराजांनी माझ्या धाकट्या भावाच्या उजव्या हातात रेशमी हातमोजा चढवला, डोळे मिटून काहीबाही पुटपुटले आणि त्याला पियानोपुढे बसवलं. एरवी वाजवायला बसलं की आपोआप मुडपणारी त्याची शेवटची दोन बोटं चक्क सरळ राहिली. टाळ्यांचा कडकडाट झाला. त्याची बायको रडायलाच लागली. मी तेवढी कपाळाला हात लावून बसले.

महाराजांचं म्हणणं, कुणा जळक्या कलावंताची नजर या बोटांना लागलीय आणि रेशमाच्या आतलं नजरेला दिसत नाही. काय पण अधू नजर! वर आज्ञा अशी, की त्याच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरीणबाईंची स्नायू सैल करणारी इंजेक्शनं बंद, आणि तपश्चर्या म्हणून मोजा घालून दिवसभर वाजवायचं.

वादकाला हे लगेच पटतं. लहानपणापासून त्याला एकच औषध ठाऊक असतं, सराव. हात अडला, वाजव. आणखी अडला, आणखी वाजव. भाऊ नुसता पेटला. हळूहळू मोज्यातही बोटं वळायला लागली, मग मधलं बोटही त्यांना सामील झालं. महाराज म्हणाले, श्रद्धा कमी पडतेय. तो ज्या नृत्यशाळेत साथ करायचा, तिने दुसरा वादक घेतला.

शेवटी मी त्याला ओढतच डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी तपासणीचा साधा रबरी मोजा त्याच्या हातात चढवला आणि आम्ही नेलेल्या छोट्या कीबोर्डवर वाजवायला सांगितलं. बोटं सरळ राहिली. भावाचा चेहरा उजळला. थोड्याच वेळात ती पुन्हा मुडपली.

"मंत्र मला येत नाही," बाई म्हणाल्या. "तुमच्या मेंदूत या बोटांची सरमिसळ झालीय. एकाला बोलावलं की शेजारचंही धावून येतं. मोज्याने स्पर्श बदलतो, मेंदू घटकाभर फसतो, मग त्याला सवय होते."

"आणि मी एवढं वाजवलं ते?"

"त्या गोंधळाचाच सराव झाला."

तो एकेक बोट सोडवत मोजा काढत राहिला.

आता इंजेक्शनं पुन्हा सुरू आहेत. रोज तो एकेका बोटाने, अगदी सावकाश, एकेक सूर वाजवतो आणि बोट वळलं की थांबतो. जन्मभर जो थांबायचं नाही एवढंच शिकला, त्याला आता थांबायला शिकावं लागतंय. पूर्वीसारखा वाजवेल का, याचा शब्द बाई देत नाहीत. महाराजांनी दिला होता.

म्हणून हात जोडून सांगते, चमत्कार दिसला की आधी विचारा, हेच साध्या मोज्याने होतं का? आम्ही वेळेवर विचारलं असतं, तर त्याचं मधलं बोट तरी वाचलं असतं.