दुसरी ओवी

"भेसळ आहे, धाकू. पंपवाल्यानं फसवलंय. मी सांगतो ना तुला, हे डिझेलच नाही!"

लवूने बॉनेटवर थाप मारली. आजारी पोराच्या पाठीवरून हात फिरवावा, तशी. ट्रक थरथरत होता. काशीगावच्या त्यांच्या चाळीपुढे, पिंपळाखाली तो उभा होता, आणि आरशाला बांधलेली लिंबू-मिरची झुल्यासारखी हलत होती. एरवी या इंजिनाचा आवाज जात्यासारखा. एकदा घरघर लागली की दाणा संपेपर्यंत सूर मोडायचा नाही. आज ते ठेचकाळत होतं. टक, टकटक, टक. रविवारी लवूने घरीच त्याचं सगळं खोलून नीट लावलं होतं, आणि नीट लावल्यापासूनच ते बिघडलं होतं.

दुर्गा दारात परात घेऊन बसली होती. निवडायला तांदूळ होते, पण खडा एकही निघाला नव्हता. नजर परातीत नव्हतीच.

"पानी असंल तर दिसंल," धाकू म्हणाला. गावातलाच म्हातारा मेकॅनिक. लवू रत्नागिरीहून इथे आला तेव्हापासूनचा दोस्त. त्याने फिल्टरखालचा नट ढिला केला, काचेच्या ग्लासात डिझेल धरलं आणि ग्लास उन्हासमोर उचलला. "बघ. मधासारखं हाय. पिऊन दाखवू?"

"मग हवा धरली असेल."

धाकूने हवाही काढली. इंजिन आपलं ठेचकाळतंच.

"आता एकेकाला विचारावा लागंल," धाकू म्हणाला आणि पाना घेऊन आत वाकला. चार सिलिंडर, चौघांना डिझेल पोचवणाऱ्या चार नळ्या. चालू इंजिनात एकेक नळी सैल करायची. जो सिलिंडर खरंच काम करतो, त्याची नळी सैल झाली की इंजिन कण्हतं. जो नुसता नावाला आहे, त्याची सैल केली काय न् घट्ट केली काय. "घरात कमावता कोन आनि बसून खानारा कोन, ते असं कलतं, वैनी."

"हिची नळी तेवढी सैल करू नको रे," लवू हसला. "अख्खं घर बंद पडेल."

दुर्गाही हसली. हा असा बोलला की तिच्या जिवातला काटा तेवढ्यापुरता निघे. बघा, कसा नेहमीसारखा बोलतो! काही झालेलं नाही याला.

धाकूने पहिली नळी सैल केली. इंजिन एकदम खचलं, विझू विझू झालं. त्याने ती घट्ट केली. दुसरी सैल केली, फारसा फरक नाही. तिसरी, चौथी, तेच. त्याने इंजिन बंद केलं आणि हात पुसत बराच वेळ उभा राहिला. हात पुसून झाले तरी पुसतच होता.

"एकटा पयला राबतोय, लवू. बाकीचे तिघं नुसत्या टाल्या वाजवतात. वरचं कव्हर खोलावा लागंल. जा, हायवेवरच्या दुकानातून त्याच्याखालचं रबरी पॅकिंग घेऊन ये."

"आत्ता आणतो," म्हणून लवू निघाला. खांद्यावरचा रुमाल झटकत, त्याच जुन्या ऐटीत. गल्लीच्या तोंडाशी तो क्षणभर थांबला. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. मग उजवीकडे वळला.

दुर्गाने रोखलेला श्वास सोडला. हायवे उजवीकडेच होता.

हा श्वास ती पावसाळ्यापासून रोखत आली होती. श्रावणात बेव्हर्ली पार्कात पोचवायचं एका कुटुंबाचं सामान लवूने सिल्व्हर पार्कात नेलं होतं. कपाटं, पलंग, देव्हारा, सगळं एका परक्या इमारतीखाली उतरवून तो वॉचमनशी भांडत बसला, की बिल्डिंगचं नाव बदललं कोणी? दुर्गाने स्वतःला समजावलं, दोन्ही पार्कच, होतो घोटाळा. मग एकदा तो दुधाला म्हणून गेला आणि ट्रकमध्ये जाऊन बसून राहिला. तेव्हाही तिने समजावलं, दमला असेल. मुलगा जितेश विरारला राहायचा. तो फोनवर विचारी, "आई, बाबा ठीक आहेत ना? नाहीतर बास म्हणावं आता ड्रायव्हिंग." ती म्हणे, "त्यांना काय धाड भरलीय?" कारण ट्रक गेला की लवू गेला, हे तिला ठाऊक होतं. या माणसाने जन्मभर दुसऱ्यांचे संसार उचलून नव्या दारांत नेऊन ठेवले. त्याच्या हातातलं स्टिअरिंग काढून घ्यायचं, ते कोणत्या तोंडाने? आणि दसरा परवावर आला होता. दसऱ्याच्या मुहूर्तावर एका कुटुंबाचं सामान खाडीपार वसईला न्यायची वर्दी त्याने घेतली होती. म्हणून तर रविवारी त्याने गाडी खोलली. दसऱ्याला गाडीला हार घालायचा, तर आधी तिचं काळीज उघडून बघायचं, हा त्याचा दरवर्षीचा नेम.

"वैनी," धाकूने हाक मारली. "जरा इकडं ये."

ती उठून गेली. कव्हर उघडलं होतं. आत काळ्या तेलात न्हालेली लोखंडाची बोटं ओळीने बसली होती. धाकूच्या हातात एक पातळ पत्ती होती.

"ही बोटं वालव दाबतात, इंजिनाच्या झडपा. बोट न् वालव यांच्यात या पत्तीपुरती फट ठेवायची. पयल्याची बघ. पत्ती कशी लोन्यात सुरी जावी तशी जाते. लवूचाच हात. पन बाकीच्यांची..." त्याने पत्ती दुसरीकडे सरकवली. ती आत जाऊन खुळखुळली. "हिथं दोन पत्त्या जातील. तिसऱ्यात, चौथ्यातपन तीच गत."

"म्हणजे ढिली राहिली?"

"ढिली न्हाय राहिली. अवेली लावली." धाकूचा आवाज खाली आला. "इंजिन हातानं अर्धा फेरा फिरवायचा न् ज्याची पाली त्याची फट लावायची. आनि पाली अशी येते, पयला, तिसरा, चौथा, मग दुसरा. याच्यात बदल न्हाय. हितं कुनीतरी एक-दोन-तीन-चार लावत गेलाय. सरल. वैनी, लवूनं गाडी कुना शिकाऊ पोराच्या हातात दिली होती का?"

दुर्गाच्या कानात रविवारची सकाळ वाजू लागली होती.

लवूची आई जात्यावर एक ओवी म्हणायची. दुर्गा सून होऊन आली तेव्हा जातं कोपऱ्यात पडलं होतं, पण सासूच्या तोंडी ओवी तशीच होती:

*पहिली माझी ओवी गं, देव्हाऱ्याच्या दिव्याला,*
*दुसरी माझी ओवी गं, दारी येत्या धन्याला.*
*तिसरी माझी ओवी गं, घाटातल्या वळणाला,*
*चवथी माझी ओवी गं, खाडीच्या उधाणाला.*

लवू पोरसवदा क्लीनर होता तेव्हा उस्तादाने सांगितलेला तो क्रम, एक-तीन-चार-दोन, काही केल्या त्याच्या डोक्यात राहत नसे. उस्ताद पान्याने मारायचा. मग त्याने आईचीच ओवी उचलली आणि मोडून क्रमात बसवली. पहिली दिव्याला, तिसरी वळणाला, चवथी उधाणाला आणि दुसरी, धन्याची, सगळ्यांत शेवटी. एकेका ओळीला अर्धा फेरा. त्यानंतर तो कधी चुकला नाही.

दुर्गा दरवर्षी कावायची. "अहो, आईंच्या ओवीची काय वाट लावलीत! दिव्याला न् धन्याला कशी जोडी होती. ती फोडून तुम्ही मध्ये घाट न् खाडी घातलीत."

"ड्रायव्हरची ओवी अशीच असते गं," तो इंजिनात वाकून म्हणे. "आधी घाट, मग खाडी. घर शेवटी."

आणि परवाच्या रविवारी ती भाकरी थापत असताना बाहेरून त्याचा आवाज आला होता. पहिली दिव्याला. मग पाना फिरल्याचा आवाज. मग, दुसरी माझी ओवी गं, दारी येत्या धन्याला. तिचे हात पिठात थांबले होते. इतक्या वर्षांनी! इतक्या वर्षांनी याने आईची ओवी सरळ म्हटली, जोडीला जोड लावून म्हटली. तिला इतकं बरं वाटलं की तिने आलं ठेचून चहा केला आणि न मागता बाहेर नेऊन दिला. पदराने त्याच्या कपाळावरचं तेल पुसलं.

"काय गं, आज लाडात?" तो म्हणाला होता.

"असंच," ती म्हणाली होती.

आता पिंपळाखाली उभं राहून तिने तोच पदर तोंडात धरला.

"वैनी? काय झाला?"

"कोणी शिकाऊ नव्हता, भावजी. हेच होते." आणि तिने त्याला ओवी सांगितली. दोन्ही सांगितल्या.

धाकू ऐकत राहिला. मग पत्ती रुमालात गुंडाळत म्हणाला, "मी लावून देतो. त्याला काय सांगाचा न्हाय. डिझेलच खराब होता, बोलू."

"आणि परवा ते पुलावर गाडी घेऊन जातील, तेव्हा?"

धाकूने रुमालात गुंडाळलेली पत्ती परत बाहेर काढली.

लवू उशिरा आला. हातात झेंडूच्या फुलांची मोठी पिशवी होती, चेहरा उजळलेला. "फुलं बघ कशी मिळाली! परवा महाग होतील."

"आनि पॅकिंग?" धाकूच्या तोंडून निघून गेलं.

लवूने पिशवीत पाहिलं. फुलं वरखाली केली. त्याच्या चेहऱ्यावरचा उजेड हळूहळू उतरला.

"राहू दे," धाकू घाईने म्हणाला. "जुनाच पॅकिंग बरा हाय. त्यालाच लावू."

दुर्गाने पिशवी त्याच्या हातातून घेतली. "अहो, भावजी म्हणतायत फटी परत लावायला हव्यात. तुम्ही लावा. तुमच्याच हातानं. मी इथे बसते."

लवूने दोघांकडे पाहिलं. पाना घेतला, पत्ती घेतली आणि वाकला. दुर्गा पायरीवर बसली. जन्मात जी ओवी तिने सुरात म्हटली नव्हती, ती म्हणू लागली.

*"पहिली माझी ओवी गं, देव्हाऱ्याच्या दिव्याला..."*

पहिला बरोबरच होता. लवूने पत्ती घालून पाहिली, मान हलवली. इंजिनाला अर्धा फेरा दिला.

*"तिसरी माझी ओवी गं, घाटातल्या वळणाला..."*

लवूचा हात थांबला. "चुकलीस. पहिलीनंतर दुसरी."

"ती आईंची. ही तुमची आहे."

"माझी?"

"तुमची. ड्रायव्हरची."

पिंपळाचं एक पान बॉनेटवर पडलं. लवू वाकलेलाच होता. लांब हायवेवरून कंटेनर धडधडत गेले. त्याने मान न उचलता विचारलं, "रविवारी मी कुठली म्हटली?"

खोटं बोलायला तिचे ओठ उघडले होते. पण या माणसाशी उघड्या इंजिनासमोर ती कधी खोटं बोलली नव्हती.

"आईंची."

"हं." त्याने पान्याच्या दांडीवरून अंगठा फिरवला. "बरी म्हटली का?"

"फार छान म्हटलीत."

"म्हण पुढे," तो म्हणाला.

ती म्हणत गेली. वळणाला तिसरा लागला, उधाणाला चौथा. शेवटची ओळ तिच्या तोंडून निम्मीच आली, तर उरलेली निम्मी लवूने म्हटली, *दारी येत्या धन्याला*, आणि दुसऱ्याची फट लावली. धाकूने पाठीमागून पत्ती घालून पाहिली नाही. पाहायची गरज नव्हती, आणि असती तरी त्याने पाहिली नसती.

कव्हर बसलं. किल्ली फिरली. जातं फिरू लागलं. एकसारखं, भरल्या दाण्याचं. आरशाची लिंबू-मिरची स्थिर झाली. लवू बाहेर उभा राहून डोळे मिटून ऐकत राहिला.

"चल, एक फेरी मारून बघू," धाकू म्हणाला. "खाडीपर्यंत."

लवू ट्रककडे निघाला. दुर्गाने पायरीचा कठडा घट्ट धरला. उजव्या दारापाशी तो पोचला, दाराच्या कडीवर हात ठेवला. वर्षानुवर्षं हाताळून त्या कडीचा रंग गेला होता. तिथे तो थोडा वेळ उभा राहिला. मग बॉनेटला वळसा घालून पलीकडे गेला आणि क्लीनरच्या बाजूचं दार उघडलं.

"तू घे, धाकू. दसऱ्याची वर्दीपण तूच मार." दुर्गाकडे वळून म्हणाला, "तू पण चल गं. मध्ये बस. कधी बसलीच नाहीस."

"तू वाट दाखव मंग," धाकू म्हणाला. मग तो उजव्या दाराने वर चढला.

"वाट तुला माहीत आहे. मी सोबतीला."

हायवेवर गाडी सुरात गेली. वळणं लागली. पुढे खाडी दिसली, भरतीच्या पाण्याने काठोकाठ. दुर्गा दोघांच्या मध्ये बसली होती, म्हणून तिलाच तेवढं दिसत होतं. प्रत्येक वळणावर, प्रत्येक सिग्नलला लवूचा उजवा पाय पुढे सरके आणि रिकाम्या पत्र्यावर दाबून बसे. धाकूने ब्रेक मारायच्या आधी. वेळेवर. एकदाही न चुकता.

परत येऊन ट्रक पिंपळाखाली लागला. धाकूने इंजिन बंद केलं आणि किल्ली लवूच्या तळहातावर ठेवून तो खाली उतरला. लवू उतरला नाही. किल्लीवर मूठ मिटून, समोरच्या काचेतून तो स्वतःच्या घराच्या दाराकडे बघत होता. पाय पत्र्यावर तसाच दाबलेला होता, जांघेपर्यंत ताठ.

दुर्गाने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"घर आलं," ती म्हणाली. "सोडा आता."

त्याने पाय हळूहळू उचलला. चढावर उभी गाडी मागे सरकू नये, म्हणून ब्रेकवरून उचलतात तसा.