बंद खिडकीतली ज्योत

मित्रांनो, मी एक जुनी समई आहे. पितळेची, जेमतेम दोन वीत उंच. सरस्वतीबाईंनी लग्नानंतरच्या पहिल्या नवरात्रात मला बदलापूरच्या बाजारातून आणलं. आता आम्ही उल्हासनगरला, कॅम्प चारमधल्या दोन खोल्यांत राहतो.

वर्षभर मी माळ्यावर फडक्यात गुंडाळलेली असते. घटस्थापनेच्या आदल्या दिवशी मला चिंचेने घासतात आणि स्वयंपाकघरात, घटाशेजारी जमिनीवर ठेवतात. घटाखालच्या मातीत धान्य रुजतं, रोज एक माळ चढते, आणि माझी ज्योत नऊ दिवस विझू द्यायची नसते. देवी जागी आहे, तेव्हा आपणही जागं राहायचं. सरस्वतीबाई म्हणतात, हाच जागर. मला वारा लागू नये म्हणून त्या घरातल्या सगळ्या खिडक्या लावून घेतात. या काळजीचा मला फार अभिमान होता.

गेल्या वर्षी पाचव्या माळेला दुपारी नवा सिलिंडर लावला. संध्याकाळी माझी ज्योत उगाचच लांब झाली. तिच्याभोवती फिकट निळी कड आली.

"देवी प्रसन्न आहे बघ," सरस्वतीबाई मुलाला, उन्मेषला म्हणाल्या आणि त्यांनी हात जोडले.

मला मात्र भीती वाटत होती. जमिनीलगत काहीतरी साचत होतं आणि मी त्यातच जळत होते.

तेवढ्यात सून वृंदा कामावरून आली. ती अंबरनाथच्या एका कारखान्यात, प्रयोगशाळेत काम करते.

"दार लोट आधी, वारा येतोय," सरस्वतीबाई म्हणाल्या.

"आई, गॅसचा वास येतोय!"

"धूप आहे तो. त्या लॅबमध्ये नाक गेलंय तुझं."

दुपारपासून आत बसलेल्यांच्या नाकाला वासाची सवय झाली होती. उन्मेष उठला. "थांब, लाईट लावून बघतो."

"बटणाला हात लावू नकोस, ठिणगी उडेल!" वृंदा ओरडली.

वृंदाने माझी निळी कड पाहिली. ती पुढे आली, तशा सरस्वतीबाई आडव्या आल्या.

"पाच दिवस हा दिवा जपलाय मी. विझवलास तर माझ्या मुलाच्या जिवावर बेतेल."

"नाही विझवला तर तिघांच्या जिवावर बेतेल. सरका, आई."

तिने फुंकर मारली नाही. माझी जळती वात चिमटीत धरून तेलात बुडवली. मग सिलिंडर बंद केला, खिडक्या उघडल्या. अंधारात तिघंही जिन्यावर जाऊन बसली.

दुरुस्तीला आलेल्या माणसाने सिलिंडरच्या तोंडातलं चिरलेलं रबर काढून दाखवलं. सरस्वतीबाईंनी वृंदाची भाजलेली बोटं हातात घेतली.

"आम्ही नुसते जागलो गं," त्या म्हणाल्या. "जागर तू केलास."

यंदा घटासकट मला खिडकीपाशी टेबलावर ठेवलंय, आणि माझ्यामागची खिडकी उघडी आहे. वाऱ्याने मी दोनदा विझले, दोनदा मला पुन्हा लावलं. देवी रागावल्याचं काही दिसलं नाही.

पण मित्रांनो, या खिडकीतून मला समोरची इमारत दिसते. तिथे नऊ दिवस बंद असलेल्या काचांमागे माझ्यासारख्याच ज्योती जळत आहेत. तिसऱ्या मजल्यावरची एक कालपासून जरा जास्तच लांब दिसते. कुणीतरी जाऊन ते दार वाजवा.