थांबलेला कॅमेरा

नातीने नवव्यांदा चित्र थांबवलं आणि म्हणाली, "आजी, बघ. इथे दिग्दर्शकाची दृष्टी किती प्रगल्भ झालीय."

मला दिसत होती ती माझी शाल.

तिला कॉलेजात निबंध द्यायचा होता, त्याच संध्याकाळी पाचपर्यंत. एकाच दिग्दर्शकाचे दोन जुने भयपट आणि त्यांतल्या छायाचित्रणाची तुलना. दोन्हींच्या वेळी मी स्टुडिओत कपडेपट सांभाळत होते आणि तिचे आजोबा कॅमेऱ्याची ट्रॉली ढकलत होते. हे तिला चांगलं ठाऊक. तरी सकाळपासून ती मलाच समजावत होती. पहिल्या चित्रपटात कॅमेरा नायिकेच्या पाठोपाठ लांब बोळातून सरकत जातो, म्हणजे म्हणे आपण भुताच्या डोळ्यांनी बघतो. दुसऱ्यात तसाच बोळ, तशीच बाई, पण कॅमेरा जागचा हलत नाही. म्हणजे म्हणे दिग्दर्शकसाहेबांना आता कळलं होतं की खरी भीती स्थिर असते. आणि पुढ्यात जमिनीवर पडलेली काळी शाल हे मृत्यूचं प्रतीक.

"प्रतीक कसलं डोंबलाचं," मी म्हटलं. "चांगली शाल वाया गेली माझी."

"आजी, सरांना हा मुद्दा फार आवडलाय."

सरांना आवडायला काय जातंय? तेव्हा ते जन्मले तरी होते का?

मग मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. आजोबांना सेटवर सगळे मांजर म्हणत. ते बूट काढून नुसत्या लोकरी मोज्यांवर ट्रॉली ढकलायचे, श्वास धरून, मनात पावलं मोजत. मोज्यांचे तळवे दर आठवड्याला मी रफू करायचे. ट्रॉलीवर तो अवजड कॅमेरा, त्यामागे जाडजूड कॅमेरामन, आणि पडद्यावर मात्र पाण्यावरून होडी जावी तसं सगळं. हिच्या वर्गातल्या मुलांना अजून घाबरवणारं ते भूत म्हणजे पडसं झालेला, पन्नास किलोंचा एक माणूस होता.

दुसऱ्या चित्रपटाच्या वेळी गाडीतून ट्रॉलीचे रूळ उतरवताना त्यांची पाठ गेली. ते इस्पितळात आणि इकडे बोळाचं दृश्य आलं. नव्या माणसाने अकरा वेळा ट्रॉली ढकलली, अकराही वेळा कॅमेरा अडखळला. साहेब कातावले. कॅमेरा ट्रॉलीवरून उतरवून जमिनीशी ठेवायला लावला नि म्हणाले, मांजर नाही तर हलायचंच नाही. रूळ भराभर उखडले, पण दोन्ही रुळांचा एक तुकडा खिळ्यांत अडकून बसला आणि नायिकेला निघायची घाई. मी अंगावरची शाल काढून त्याच्यावर टाकली. झाली स्थिर भीती.

नात ऐकत होती, मधेमधे घड्याळ बघत होती.

"शेवटी बारीक अक्षरात टाकते," ती म्हणाली, "कुटुंबीयांच्या आठवणींनुसार असं. आत कसं घेऊ गं पुराव्याशिवाय? श्रेयनामावलीत आजोबा कुठेच नाहीत."

नव्हतेच. साहेबांचा कुत्रा सांभाळणाऱ्याचं नाव होतं. यांची पाठ पुन्हा सरळ झाली नाही. पुढे सतरा वर्षं ते त्याच स्टुडिओच्या फाटकावर बसून गाड्यांचे नंबर लिहीत राहिले. तो चित्रपट आम्ही एकदाच बघितला. बोळ आला तेव्हा सगळं थिएटर गप्प झालं होतं आणि माझ्या शेजारी, खुर्चीखाली, यांचे पाय हलत होते.

हे मी तिला सांगितलं नाही. म्हटलं, "चष्मा पूस आणि ती शाल मोठी करून बघ. उजेड वाढव जरा."

तिने कुरकुरत केलं. वाढता वाढता चित्राचे नुसते ठिपके होणार असं वाटलं. मग दिसलं. शालीखाली दोन सरळ उंचवटे, शेजारी शेजारी. आणि जिथे शाल पुरली नव्हती तिथे बोटभर लोखंड चमकत होतं.

पाचला वीस मिनिटं होती. तिने 'प्रतीक' खोडलं, सरांचा आवडता परिच्छेद अख्खा खोडला. मग विचारलं, "पहिल्यातला बोळ किती पावलांचा होता?"

"त्यांच्या पावलांनी सव्वीस."

तिने पहिला चित्रपट लावला. बाई बोळातून चालू लागली आणि कॅमेरा तिच्या मागे निघाला. नात पडद्याकडे बघत होती. मी खुर्चीखाली पाय सरकवत मोजत होते. सव्वीसला कॅमेरा थांबला, जराही न हिंदकळता.