काशीच्या भाताचा फोटो

माझा कल्पेश कुणाचं काम फुकट करत नाही, आणि केलंच तर समोरच्याला महाग पडतं. पोटच्या पोराबद्दल असं बोलू नये म्हणतात. पोटात मी वागवला, बोलणार पण मीच.

चिखलोलीच्या मागे आमची दोन शेतं, मध्ये एकच बांध. एक माझ्या नावावर. त्यात कल्पेशने भराव टाकला, गोडाऊन बांधलं आणि उल्हासनगरच्या फर्निचरवाल्याला भाड्याने दिलं. दुसरं माझा पुतण्या जनू याचं. जनू वारला. आता त्याची बायको काशी एकटी भात लावते, एकटी कापते.

हल्ली शेतात काय पेरलंय त्याचा फोटो त्याच शेतात उभं राहून मोबाईलवरून सरकारला पाठवावा लागतो. पीक पाहणी म्हणतात त्याला. ती केली नाही तर नुकसानभरपाई नाही. काशीकडे बटणांचा फोन. ती कल्पेशला म्हणाली, "भावोजी, माजी पाहणी करून द्या." हा बांधावर जाऊन आला, "झाली, वहिनी" म्हणाला, आणि वर तिच्याकडची भाकर खाऊन आला.

ऑक्टोबरात पावसाने उभं भात झोपवलं. भरपाईची यादी लागली, तिच्यात काशी नाही. माझं नाव मात्र आहे.

काशी दारात येऊन रडायला लागली. मी म्हटलं, "गप. रडून यादीत नाव येत नाय. चल."

तलाठी शलाका मॅडमने कॉम्प्युटर आमच्याकडे फिरवला. काशीच्या शेतापुढे लिहिलेलं, पड, म्हणजे काही पेरलंच नाही. माझ्या शेतापुढे भात, आणि खाली फोटो. फोटोत भाताच्या मधोमध बुजगावणं, त्याच्या अंगात जनूचा कंपनीचा निळा शर्ट. काशीने पदर तोंडात धरला. बांधावर पाय आमच्या बाजूला ठेवून पोराने तिचं भात माझ्या नावावर चढवलं होतं. एवढं कळायला माझी दुसरीपर्यंतची शाळा पुरली.

"मॅडम, हे भात हिचं. माझ्या शेतात सोफे पिकतात."

"आजी, तसं लिहून दिलंत तर हिचं प्रकरण वर पाठवते. पण खोटी नोंद तुमच्या नावावर आहे. गुन्हा लागला तर तुम्हाला लागेल."

तेवढ्यात कल्पेश धापा टाकत आला. कुणीतरी कळवलं असणार. "आये, सही करू नको. फोटो चुकून लागला सांग. गोडाऊनची चौकशी लागेल. वहिनीला मी देतो ना माझ्या खिशातून."

काशी पहिल्यांदा बोलली. "मना तुमच्या खिशातलं नको, भावोजी. माज्या भाताचं पायजे."

"तू घरातली असून कचेरीत येतेस?" तो तिच्यावर खेकसला.

मी कागद ओढला. मला सहीला वेळ लागतो, एकेक अक्षर रोपासारखं रोवावं लागतं. तोवर तो माझं कोपर धरून "आये, आये" करत होता. मॅडमने शिक्का मारला.

"या वयात पोलीस दारात आले तर? लोक मना काय म्हणतील? मी तुझा पोरगा ना?"

मी त्याचा हात कोपरावरून काढला. आवाज चढवला नाही, पण बाकावर बसलेल्यांना ऐकू जाईल असं बोलले.

"पोलीस आले तर मी त्यांच्यासंगती चालत जाईन. तू तुझं ऐक. मी मेले की माझं मडकं काशी धरील. तू आलास तर बघ्यांत उभा रहा."