डाव्या हातानं दिलेलं घोंगडं

माझ्या वडलांना, आप्पांना घेऊन मी सोलापुरात वकील शोधत हिंडत होते, तेव्हा माझं डोकं कायम तापलेलं असायचं. आप्पांचा उजवा हात गेला होता. मेंढरामागं पळताना ते पडले, मनगटाच्या वर हाड मोडलं, दवाखान्यानं प्लास्टर घातलं. ते इतकं घट्ट होतं की आतल्या आत रक्त अडलं आणि स्नायू मेले. दुसऱ्या दवाखान्यात हे कळलं तेव्हा उशीर झाला होता. ज्या हातानं आप्पा लोकर कातरायचे, त्यात आता चहाचा कप धरवत नाही. पहिला दवाखाना म्हणतो, पेशंटनं तक्रारच केली नाही. गावही आप्पांनाच बोल लावतं. चूक आपली नव्हती, हे कुणीतरी मोठ्यानं म्हणावं, एवढंच त्यांना हवं होतं.

आणि आडवा येत होता एक व्हिडिओ. आमच्यात उपकार करणाऱ्याच्या खांद्यावर घोंगडं टाकून कपाळाला भंडारा लावतात. प्लास्टर घालून घरी निघताना आप्पांनी डॉक्टरांचा असा मान केला आणि मी हौसेनं व्हिडिओ काढला. दवाखान्यानं तो मागून घेतला आणि 'समाधानी रुग्ण' असं लिहून फेसबुकवर टाकला.

पहिल्या वकिलांनी तो आवाज बंद ठेवूनच पाहिला. "सत्कार केलाय की तुम्ही. आता कसली केस?" दुसऱ्यांनी कागद न उघडताच "जिंकलोच समजा" म्हणत सहीला पेन पुढं केलं. आप्पा उठलेच.

जिन्यात म्हणाले, "मेंढरू घेताना बी आपण दात बघतो, दिपाली. ह्यानं माझा हातसुद्धा बघितला न्हाय."

तिसऱ्या वकील होत्या साखर पेठेतल्या भुवनेश्वरी म्याकल. ग्राहक आयोगात दवाखान्यांविरुद्धच्या केसेस त्या चालवतात. मी बसायच्या आधीच विचारलं, "मॅडम, अशी केस कधी हरलात का?"

"हरलेय की. दवाखान्याचे कागद उशिरा मागितले होते. तेव्हापासून पहिल्या दिवशीच मागते." मग टेबलाला वळसा घालून त्या आल्या आणि आप्पांचं एकेक बोट दाबून पाहिलं. "हे कळतंय का मामा? आणि हे?"

आप्पांनी माझ्याकडं पाहिलं. मला कळलं, वकील पसंत पडल्या.

व्हिडिओ लपवण्यात अर्थ नव्हता. मी मोबाईल पुढं केला.

"आवाज वाढवा," त्या म्हणाल्या.

व्हिडिओत आप्पा मान खाली घालून सांगत होते, "साहेब, बोटं सुजल्यात, हालत न्हाईत, म्हणून डाव्या हातानं देतोय. राग मानू नका." डॉक्टर हसून म्हणाले, "चालतंय हो मामा."

हे शब्द मला पाठ होते. डाव्या हातानं कुणाला काही द्यायचं नसतं, म्हणून आप्पा माफी मागतायत, एवढंच मी त्यात ऐकलं होतं. मॅडमनी ते पुन्हा लावलं.

"तक्रार केलीय की यांनी. डॉक्टरांच्या तोंडावर. आणि दवाखान्यानं ती स्वतःच जगाला दाखवलीय." आपण हसावं की रडावं मला कळेना. त्या पुढं म्हणाल्या, "त्यांनी फेसबुकवर टाकलेला व्हिडिओ ते काढून टाकायच्या आत आजच डाउनलोड करून ठेवा. कागद मी मागते. हाडांच्या दुसऱ्या डॉक्टरांचं मत लेखी घ्यावं लागेल. निकालाचा शब्द देणार नाही. पण तक्रारच नव्हती, असं आता त्यांना म्हणता यायचं नाही."

आप्पांनी वकीलपत्रावर डावा अंगठा उठवला. कागद द्यायची वेळ आली तेव्हा ते थबकले आणि डाव्या हातानं उजवा हात उचलायला लागले.

"डाव्यानंच द्या मामा," मॅडम म्हणाल्या. "आता माफी मागायची पाळी तुमची नाही."

आप्पांनी कागद डाव्या हातानं दिला. या वेळी त्यांची मान खाली नव्हती.